वहिनींचा पदर आणि चार इस्पिक

रविवार संध्याकाळपासून रंगनाथराव खैरनारांचं बूड एका जागी ठरेना. सोफ्यावर बसले की उठायचे, गॅलरीत जायचे, गॅलरीतून परत आत. सोमवारी सकाळी त्यांनी चांगला चालता पंखा खाली उतरवून उघडला. मंगळवारी तो परत जोडला, तर एक स्क्रू उरला. वीज मंडळात छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या हातून स्क्रू उरतो म्हणजे बघा काय अवस्था असेल.

त्यांच्या सौभाग्यवती कलाबाई दोन दिवस गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारलंच, "पायाला भिंगरी लागलीय का हो तुमच्या?"

"काही नाही गं."

"काही नाही म्हणणारा माणूस सकाळपासून तीनदा दूध आणायला जात नाही. फ्रिज भरलाय दुधानं. आता काय, मी बासुंदी आटवत बसू?"

रंगनाथराव चौथ्यांदा चपला घालून बाहेर पडले.

खरं सांगायचं तर झालं होतं ते एवढंसंच. इंदिरानगरात एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी चौरंग ब्रिज मंडळाची माणसं जमतात. आठ टेबलं, बत्तीस डोकी, त्यातली निम्म्याहून जास्त पांढरी. खेळ डुप्लिकेट ब्रिजचा. म्हणजे काय, तर एका टेबलावर डाव खेळून झाला की पत्ते पिसायचे नाहीत. प्रत्येकानं आपले तेरा पत्ते प्लॅस्टिकच्या ट्रेमधल्या आपल्या खणात परत ठेवायचे. या ट्रेला ही मंडळी बोर्ड म्हणतात. तो बोर्ड पुढच्या टेबलावर जातो, तिथे दुसरे चौघं तेच पत्ते खेळतात. असा एकेक बोर्ड सगळा हॉल फिरतो आणि शेवटी बघायचं काय, तर त्याच पत्त्यांत कुणी किती कमावलं. घरी रमी हरल्यावर आपण म्हणतो ना, "पानंच भिकार आली हो", ते इथे चालत नाही. पानं सगळ्यांना तीच. अक्कल ज्याची त्याची.

दुसरा नियम तोंडाला कुलूप लावायचा. समोरासमोर बसलेले दोघं एकमेकांचे भागीदार. रंगनाथरावांच्या भागीदार म्हणजे त्यांच्या वहिनी. आपल्या हातात काय आहे ते भागीदाराला सांगायचं ते फक्त बोलीच्या कार्डांनी. डब्यातून कार्ड काढायचं, टेबलावर ठेवायचं, संपलं. खाकरायचं नाही, भुवई उडवायची नाही, सुस्कारा टाकायचा नाही. आणि भागीदारानं चुकून टाकलाच सुस्कारा, तर त्याचा फायदा आपण घ्यायचा नाही. उलट त्याच्या विरुद्ध जायचं. इतका हा साळसूद खेळ.

तर गेल्या रविवारी खेळ संपल्यावर निकितानं रंगनाथरावांना जिन्यापाशी गाठलं. निकिता ही मंडळाची डायरेक्टर, म्हणजे पंच. वय बत्तीस, नोकरी कॉम्प्युटरची, आणि नियमांचं पुस्तक तोंडपाठ.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"अकरा नंबरचा बोर्ड. काकू तीन इस्पिक बोलल्या. म्हणजे त्यांनी तुम्हाला विचारलं, की थोडं जास्त असेल तर चारवर जा, नाहीतर थांबा. तुमच्याकडे अगदीच फाटके पत्ते होते. तुमच्या जागी बसलेल्या आणखी सहा जणांपुढे हाच प्रश्न आला होता. सहाही जण थांबले. तुम्ही एकटे चारवर गेलात, आणि काकूंनी चारला लागतात ते बरोबर दहा हात केले."

"अंदाज गं. एवढी वर्षं खेळतोय मी."

"अंदाज कधीतरी चुकतोही ना काका. तुमचा काकूंबरोबर चुकतच नाही. मी मागच्या चार महिन्यांचे डाव काढून बघितले." निकिता ओशाळली. "मी काही म्हणत नाहीये हं. पुढच्या रविवारी ढालीची फायनल आहे, म्हणून फक्त कानावर घातलं."

रंगनाथरावांचं डोकंच फिरलं. काल आलेली पोरगी आपल्याला शिकवते! घरी येईपर्यंत ते स्कूटरवर स्वतःशी भांडत होते. सिग्नलला थांबले, आणि तिथे अचानक त्यांच्या डोळ्यांपुढे वहिनींचा डावा हात आला. तीन इस्पिकचं कार्ड टेबलावर ठेवलं, आणि वहिनींनी खांद्यावरचा पदर सारखा केला. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी हे आपले उभेच.

हो की! हातात बोलीपेक्षा जास्त काही असलं की वहिनी पदर सारखा करतात. नसलं की करत नाहीत. आपण ते बघतो आणि त्याप्रमाणे बोलतो. पाच वर्षं बोलतोय. आणि लोकांना, स्वतःलासुद्धा सांगतोय की अंदाज!

तेव्हापासून ही भिंगरी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

आता वहिनी म्हणजे वत्सलाबाई, रंगनाथरावांचे थोरले भाऊ त्र्यंबकदादा यांच्या पत्नी. वय त्र्याहत्तर. कडक इस्त्रीची सुती पाचवारी, दोन्ही खांद्यांवरून पदर, आणि जिभेला धार. दादा येवल्याकडे मास्तर होते, मग बदलीनं नाशकात आले आणि इथेच त्यांनी हे मंडळ काढलं. दोघं भाऊ तेरा वर्षं भागीदार. दादांच्या सरळपणाच्या गोष्टी अजून हॉलमध्ये सांगतात. एकदा म्हणे हातात बदाम असताना त्यांच्याकडून चुकून किलवर पडलं. समोरच्यांच्या लक्षातही आलं नाही. दादांनी स्वतः हात वर करून पंचाला बोलावलं आणि दंड घेतला. असा माणूस. त्यांच्यामागे मंडळानं त्यांच्या नावाची ढाल सुरू केली, ती काही उगीच नाही.

त्या तेरा वर्षांत वहिनी दर रविवारी दादांच्या पाठीमागे स्टुलावर बसायच्या. कुणी त्यांना विचारलं नाही, कुणी शिकवलं नाही. मांडीवर लसणाचं ताट घेऊन सोलत बसायच्या आणि दादांच्या खांद्यावरून पत्ते बघायच्या. दादा गेले. वर्षश्राद्ध झालं आणि वहिनी रंगनाथरावांना म्हणाल्या, "भाऊजी, रविवारपासून मी बसते तुमच्यासमोर." रंगनाथराव मनात म्हणाले, झालं, आता आठव्या टेबलावर शेवटचा नंबर. पण बाईंनी असे काही पत्ते खेळले, की चार महिन्यांत भल्याभल्यांना घाम फुटला. गेली दोन वर्षं दादांच्या नावाची ढाल यांनीच घेतली. सलग तिसऱ्यांदा घेतली तर ती कायमची घरी ठेवायची, असा मंडळाचा नियम. वहिनींचं सगळं चित्त त्या ढालीवर लागलेलं. नवऱ्याच्या नावाची वस्तू नवऱ्याच्या घरी यावी, एवढंच त्यांचं म्हणणं. चुकीचं काय त्यात?

म्हणून तर रंगनाथरावांचा जीव टांगणीला. वहिनींना सांगायला हवं, की तुमच्या नकळत असं होतंय, रविवारी जपा. सरळ गोष्ट आहे. पण सांगायची कशी? दिरानं वहिनीला जाऊन म्हणायचं, "वहिनी, माझं तुमच्या पदराकडे लक्ष असतं"? अहो, जीभ झडेल!

बुधवारी त्यांनी कलाबाईंना मध्ये घालायचं ठरवलं. कलाबाई भाकरी थापत होत्या.

"कला, वहिनींना जरा एक सांगशील का? खेळताना त्या पदर सारखा करतात ना..."

भाकरी परातीतच राहिली. "काय करतात?"

"पदर गं. मला ते समोरून दिसतं, आणि मग मी..."

"तुम्हाला दिसतं?" कलाबाईंनी पिठाचे हात कमरेवर ठेवले. "चाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. मी नवीन साडी नेसले तर तुम्हाला चार दिवसांनी कळतं. आणि वहिनींचा पदर कधी हलला ते दिसतं होय!"

"अगं, तसं नाही. पत्त्यांचं आहे."

"पत्त्यांचं असो नाहीतर पत्रावळीचं. मी नाही असलं काही सांगायला जायची. तुमचं तुम्ही निस्तरा."

गुरुवारी रंगनाथराव मनाचा हिय्या करून वरच्या मजल्यावर गेले. घर एकच, खाली हे, वर वहिनी. वहिनींनी काचेचं कपाट रिकामं केलं होतं. बाहुल्या, शंख, शाळेतले सन्मानाचे पेले सगळं खाली जमिनीवर, आणि मधला खण ओल्या फडक्यानं पुसून ठेवलेला.

"इथे ढाल," वहिनी म्हणाल्या. "यांच्या फोटोशेजारी ठेवणार होते, पण तिथे ओला हार असतो. पितळ काळं पडेल. बरं दिसतं ना इथे?"

रंगनाथराव खणात डोकावले. "छान दिसतं. वहिनी, मी काय म्हणतो, रविवारी तुम्ही स्वेटर घालाल का?"

"स्वेटर?"

"थंडी आहे हो. पदरावरून घातला म्हणजे कसं, सगळं झाकलेलं राहतं."

"दुपारी दोन वाजता? त्या हॉलमध्ये माणसं पंख्याखाली बसायला भांडतात, आणि मी स्वेटर घालू?" वहिनींनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. "भाऊजी, तुम्ही डॉक्टरला दाखवा बरं. कला पण म्हणत होती, तुमचं काहीतरी बिनसलंय."

रंगनाथराव जिना उतरून खाली आले. मग त्यांनी ठरवलं, सांगायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण बघायचंच नाही. नजर पत्त्यांवर ठेवायची आणि आपले पत्ते सांगतील तेवढंच बोलायचं. ठरवलं खरं, पण झोप काही लागेना. शुक्रवारी जॉगिंग ट्रॅकवर ते इतक्या फेऱ्या मारत होते, की रोजच्या मंडळींनी हाका मारायचं सोडून दिलं. शनिवारी मिसळ मागवली आणि तर्री तशीच टाकून उठले. नाशिकच्या माणसानं तर्री टाकली म्हणजे दुखणं साधं नव्हे.

रविवार उजाडला. हॉल गच्च. पुढच्या टेबलावर ढाल मांडलेली, तिच्यावर दादांचं नाव पितळी अक्षरांत. रंगनाथराव बसले ते पत्त्यांचा पंखा नाकापुढे धरूनच.

"काका, दिसत नाहीये का? लाइट लावू?" कुणीतरी विचारलं.

"खेळा तुम्ही," रंगनाथराव खेकसले.

पण सांगता कुणाला, डोळे झाकले तरी कान उघडे असतात. कडक इस्त्रीचा पदर हलला की सळसळतो. वहिनींच्या हातातल्या बांगड्या वाजतात. इतकी वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला हे ऐकू न येऊन कसं चालेल? प्रत्येक वेळी रंगनाथराव स्वतःला बजावायचे, पत्ते बघ, पत्ते. दोन बोर्ड त्यात गेले. तीन चांगले आले. दोघं तसे वरच्या नंबरातच होते, हे रंगनाथराव मनातल्या मनात जाणून होते.

शेवटचा बोर्ड योगेश आणि हर्षल या जोडीसमोर आला. दोघं तिशीतले, दातांचे डॉक्टर, आणि खेळायला पक्के. ढालीसाठी खरी चुरस यांच्याशीच. वहिनी एक बदाम बोलल्या. रंगनाथराव दोन. वहिनींनी डब्यातून तीन बदामचं कार्ड काढलं, टेबलावर ठेवलं, आणि पदर सारखा केला. सळसळ झाली. रंगनाथरावांनी मान वर केली नाही. थोडा वेळ गेला, आणि पुन्हा एकदा सळसळ.

त्यांनी आपल्या पत्त्यांकडे बघितलं. पत्ते असे मधलेच होते. थांबलं तर कुणी नाव ठेवणार नाही. चारवर गेलं तर निकितासुद्धा काही म्हणू शकणार नाही. कुणाला कधीच कळलं नसतं हो! घरी कपाटाचा खण पुसलेला आहे. म्हातारी वाट बघतेय. बोल चार, एक कार्ड तर आहे. त्यांचा हात डब्याकडे गेला. बोटं चारच्या कार्डाला लागली होती.

त्यांनी पासचं कार्ड काढलं.

मग बोली जिंकणाऱ्याच्या भागीदारानं ठेवायचे असतात तसे आपले पत्ते टेबलावर उघडे ठेवले. वहिनींनी दहा हात केले. तीनच्या बोलीला नऊ पुरले असते; न बोललेल्या दहाव्याला किंमत नाममात्र. दहाव्या हाताचा पत्ता त्यांनी टेबलावर असा आपटला की हर्षल दचकला.

निकाल लागला. योगेश-हर्षल पहिले, वहिनी आणि रंगनाथराव दुसरे. गुणांत फरक पाऊण टक्क्याचा. त्या एका बोर्डावर चार बोलले असते, तर ढाल घरी होती.

दोघं खाली स्कूटरपाशी आले. रंगनाथरावांनी खिशातून किल्ली काढली, तशा वहिनी उसळल्या.

"डोळे कुठे होते तुमचे? दोनदा सारखा केला मी पदर. दोनदा!"

किल्ली रंगनाथरावांच्या हातातून खाली पडली. "वहिनी, म्हणजे तुम्ही... मुद्दाम करता?"

"मुद्दाम म्हणजे काय? जास्त असलं तर सांगायचं नाही का? नियमच आहे ना तो."

"कुठला नियम? कुणी सांगितला तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवा? तेरा वर्षं मागे बसून बघितलं मी. हे चांगले पत्ते असले की चष्मा वर सरकवायचे. चष्मा वर गेला की तुम्ही चार बोलायचात. नाही गेला की पास. एकदा म्हणून चुकला नाहीत. मला चष्मा नाही, मी काय वर करू? म्हणून पदर धरला." वहिनी थांबल्या. समोरच्या माणसाचा चेहरा पार उतरला होता. "भाऊजी, काय झालं? म्हणजे... असं चालत नाही?"

"नाही वहिनी."

"कधीच?"

"कधीच नाही चालत."

"मग यांचं?"

रंगनाथराव किल्ली उचलायला वाकले. "दादाचा चष्मा सैल होता हो. घसरायचा नाकावरून."

"सैल नव्हता," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "मेन रोडच्या दुकानातून मीच आवळून आणायचे, दर दोन महिन्यांनी. कानामागे वळ उठायचे त्यांच्या."

रंगनाथराव स्कूटरला टेकले. आता त्यांना तो चष्मा स्पष्ट दिसायला लागला. मधल्या बोटानं हळूच वर सरकणारा. दादाला ठाऊक होतं? की त्याच्याही नकळत होत होतं? आता विचारणार कुणाला? जन्मात पहिल्यांदा त्यांना थोरल्या भावाचा राग आला, असा की कानशिलं तापली. आणि त्याच वेळी वाटलं, हे दुसरं कुणी बोललं तर त्याची जीभ हासडीन मी.

वहिनी परत जिन्याकडे वळल्या होत्या.

"कुठे निघालात?"

"निकिताकडे. दोन वर्षं घेतली ना आपण ढाल? ती तशीच पचवायची? मला नाही जमायचं."

"वहिनी, अहो ऐका, लोक काय म्हणतील..."

"म्हणू देत. मी काही चोर नाही. ठाऊक नव्हतं तोवर केलं, आता ठाऊक झालं."

गुडघे दुखणाऱ्या त्या बाई कठड्याला धरून सगळा जिना चढल्या. मागे रंगनाथराव. वर योगेश आणि हर्षल ढाल धरून फोटो काढत होते. निकिता बोर्ड खोक्यात भरत होती. वहिनी तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं, हात कसा, पदर कसा, कधीपासून. आवाज एकदाही हलला नाही. निकिता ऐकता ऐकता खुर्चीत बसली. योगेशनं ढाल टेबलावर ठेवून दिली. हॉलमध्ये उरलेली पाचसहा माणसं जागच्या जागी थांबली.

"काकू," निकिता म्हणाली, "पण हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

वहिनींनी तोंड उघडलं. त्यांची नजर टेबलावर गेली, पितळी अक्षरांवर. एवढा वेळ ताठ उभी असलेली बाई, पण आता त्यांचा हात टेबलाची कड शोधायला लागला.

"मी," रंगनाथराव म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं.

"मी शिकवलं. त्यांना नियम ठाऊक नव्हता, मला होता. मीच म्हणालो, असं करत जा. दोन्ही वर्षांच्या ढालीवरनं आमचं नाव काढा."

"काका, हे मला लिहून घ्यावं लागेल. कमिटीपुढे जाईल. कदाचित तुम्हाला पुन्हा इथे खेळता येणार नाही."

"लिही. नीट लिही, पूर्ण नाव. रंगनाथ दगडू खैरनार. त्र्यंबक खैरनारांचा धाकटा भाऊ."

निकितानं लिहिलं. रंगनाथरावांनी तिच्या हातून पेन घेऊन खाली सही केली.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.